रात्र नसताना कोंबड्या कोंडणे

ओड्नीने खुराड्याच्या खिडकीवर पोतं टांगलं. ठोकलं नाही. ठोकायला हातोडी लागते, आणि जूनमध्ये त्यारवेर बेटावर कुणी हातोडी उचलत नाही.

पोत्याने आत अंधार झाला. बाहेर नाही. बाहेर सूर्य समुद्राच्या काठाला टेकल्यासारखा, पिवळा आणि चपटा. तो बुडणार नव्हता. कडेकडेने सरकून पुन्हा वर चढणार होता. आमच्या उत्तरेच्या बेटांवर उन्हाळाभर असंच. माणसं खिडक्यांना घोंगड्या लावून झोपतात. पण कोंबडीला घर कळत नाही, अंधार कळतो. पडला की ती आत जाते. नाही पडला तर तिला कोण समजावणार.

इतर वर्षी जायच्या. खिडकीला पोतं, बटाट्याच्या सालींचं गरम आंबोण, आणि हळू आवाजात हाक, पूल, पूल, पूल. सवयीने, पोटाने, एकीच्या मागून दुसरी.

या वर्षी दारापर्यंत येत होत्या. मान लांब करून आत बघत. एक पाय उचलून धरत. आणि मागे फिरत.

"या गं," ओड्नी म्हणाली. "या ना, सटव्यांनो. पाया पडू का आता?"

हे ती श्वासावर म्हणत होती. आवाज चढवायचा नाही, टाळी नाही, काठी नाही, धावणं तर नाहीच. तिच्या टाचेपासून हातभर अंतरावर, खुराड्याच्या फळ्यांखाली, एक तपकिरी बदक अंड्यांवर बसलं होतं आणि एका डोळ्याने तिच्याकडे बघत होतं.

*

त्यारवेरवर पक्षी म्हटलं की कोंबड्या धरत नाहीत. पक्षी म्हणजे एडर बदकं. जंगली, समुद्रावर राहणारी, कुणाचीच नसलेली. पण मे महिन्यात त्यांच्या माद्या डुलत डुलत किनारा चढून येतात आणि घर मागतात. द्यायचं. दगडांच्या कोनाड्यात, उलट्या होडीखाली, जिन्याखाली, खुराड्याखाली. वाळलेलं समुद्रशेवाळ हाताने पिंजून त्याची गादी घालायची. मग पक्षीण स्वतःच्या छातीची लव उपटून अंड्यांभोवती लावते, आणि पिल्लं घेऊन ती पाण्यात उतरली की ती लव आपली. त्या लवेच्या दुलया फार लांब जातात, आम्ही कधी न पाहिलेल्या घरांत. इकडे त्यावर वर्ष निघतं.

बदल्यात शांतता द्यायची. कुत्रा मेमध्येच दुसऱ्या बेटावर. बंदूक भिंतीवर. वाळत घातलेला कपडा फडफडायला नको, म्हणून धुणं घरात. होडीचं इंजिन लांबवरच बंद, वल्ह्यांना चिंध्या. आणि पक्षिणींमध्ये फिरायचं ते एकाच माणसाने, एकाच कपड्यांत. रोज तेच.

ते कपडे म्हणजे एक राखाडी लोकरी जाकीट, कोपरांवर कातड्याची ठिगळं, आणि डोक्याला निळा रुमाल. आधी ते लोविसाचं होतं. लोविसा ओड्नीची सासू. तिचे पाय गेले तेव्हा तिने जाकीट सुनेच्या अंगावर चढवलं, बटणं स्वतः लावली आणि एवढंच म्हणाली, "धुवायचं नाही." त्या मेमध्ये पक्षिणी आल्या आणि ओड्नीच्या दोन पायांमधून चालत जिन्याखाली गेल्या. जशा कायम जायच्या.

स्कालवेर बेटावर एका उन्हाळ्यात लग्नाची वरात उतरली. व्हायोलिन, आरोळ्या, बंदुकीचे बार. पक्षिणी उठल्या त्या परत आल्या नाहीत, पुढच्या मेमध्येही नाही. मग तिथल्या माणसांनी घराच्या फळ्या सुट्या केल्या, होडीत रचल्या आणि ती मुख्य भूमीवर गेली. पक्षी गेले की बेट जातं, ही आमच्याकडे म्हण नाही. बोट करून दाखवतात. ती बघ, तिकडे. नुसती चिमणी उभी आहे ना, ते.

*

"आल्या?" लोविसाने विचारलं. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी असते, पाठीला दोन उशा.

"नाही."

"एकही?"

"त्या बिनशेपटीने डोकं घातलं आत."

"डोक्याचं काय करायचंय. बाकीची कुठेय?"

"लाकडांवर."

ओड्नीच्या नवऱ्याने, येंटोफ्टने, बशीतली कॉफी ओढली. दातांत साखरेचा खडा, त्यामुळे बोलणं अर्धं. तो दुपारीच जाळ्यांवरून आला होता. अंगाने एवढा मोठा माणूस की घरात सगळ्या वस्तूंना जपून चालायचा आणि तरीही एखादी पाडायचा.

"माना मुरगाळू," तो म्हणाला. "सगळ्यांच्या. विषय संपला."

"आधी धरशील का?" लोविसा. "तू पायात मोजा घालताना टेबल हलतं."

"बंदूक —"

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरं. काही म्हटलं नाही मी."

ओड्नीने हात बादलीत घातले. खुराडं तिने तीन वेळा उकळत्या राखेच्या पाण्याने घासलं होतं. बोटांची कातडी सालीसारखी निघत होती. पण तो वास गेला नव्हता. माणसाच्या नाकाला गेला होता. कोंबडीच्या नाही.

*

तो वास मिंकचा.

हा प्राणी आमचा नाही. मुख्य भूमीवर कातड्यासाठी पिंजऱ्यांत पाळतात. सुटलेले आता बेटाबेटांनी पोहत फिरतात. मुंगसाएवढा, काळा, सदा ओला. पोट भरलं तरी थांबत नाही. खुराड्याची एक फळी खालून कुजली होती, तिथून तो शिरला, आणि सकाळी ओड्नीने दार उघडलं तेव्हा पाच कोंबड्या भिंतीशी ओळीने ठेवलेल्या. खाल्लेली एकही नाही. मानेवर दोन-दोन टिंबं.

ओड्नीने फळीवर दगड ठेवला. आता खुराडं घट्ट होतं. बेटावर त्याहून सुरक्षित जागा नव्हती. पण उरलेल्या सातजणींच्या लेखी घर तेच, जिथे मरण आलं होतं. त्या उघड्यावर, लाकडांच्या राशीवर, भर उजेडात डोळे अर्धे मिटून बसत. मिंक रोज यायचा. राशीखाली त्याची पावलं उमटलेली असायची.

"बसलेली पक्षीण दगड होते," लोविसा म्हणाली. "हलत नाही, बोलत नाही. तो बाजूने जातो, त्याला कळत नाही. त्याला इथे आणतात त्या तुझ्या कोंबड्या. कुडकुड, कुडकुड, मी इथे आहे, मला खा."

"माझ्या कशा? तुम्हीच पाळल्या होत्यात."

"पाळल्या तेव्हा अक्कल होती त्यांना. आत घे, कोंड. आवाज बंद झाला की तो सापळ्याच्या पेटीतल्या मासळीकडे वळेल, नाहीतर पुढच्या बेटावर जाईल. पिल्लं फुटायला आलीयत गं. आठवडाभर."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणतेस आणि त्या अजून लाकडांवर आहेत."

ओड्नी पुन्हा बाहेर गेली. पूल, पूल. वाकून. गुडघ्यांवर. मग पोटावर सरपटत, भांडं पुढे ढकलत, म्हणजे त्यांना तिची भीती वाटायला नको. एक कोंबडी तिच्या खांद्यावर चढली, तिथून आंबोण खाल्लं, आणि उतरून लाकडांवर गेली.

असं तीन रात्री. ज्यांना रात्री म्हणायचं त्या.

*

चौथ्या वेळी ती बाहेर जायला उठली नाही. टेबलावर डोकं टेकून तिचा डोळा लागला होता. तोंड उघडं, गालाखाली ओला हात.

येंटोफ्ट बराच वेळ बघत उभा राहिला. आई खुर्चीत घोरत होती. खुंटीला जाकीट होतं.

त्याने नीट विचार केला होता, हे खरं. पक्षिणी माणूस ओळखत नाहीत, जाकीट ओळखतात. मग जाकीट घालावं. जाकिटात हळू चालावं. झोपाळू कोंबड्या एकेक करून पायाला धरून उचलाव्यात, आत ठेवाव्यात. ती उठेल तेव्हा झालेलं असेल.

बाह्या कोपरापर्यंतच आल्या. काखेत शिवण उसवली. त्याने निळा रुमाल हनुवटीखाली बांधला आणि दार उघडलं.

जूनमध्ये तो कधी अंगणात गेला नव्हता. उभ्या आयुष्यात नाही. लहानपणापासून मे आला की मागच्या दाराने धक्का, धक्क्यावरून मागचं दार. आता तो मधोमध चालत होता आणि कोनाड्याकोनाड्यातून तपकिरी डोकी त्याच्याकडे बघत होती, आणि एकही हलत नव्हती. जिन्याखालची तर पायाला इतकी जवळ की तिच्या पिसांवरच्या रेघा दिसत होत्या. असं असतं होय, त्याला वाटलं. हिला रोज असं असतं.

लाकडांपाशी तो पोचला. पहिली कोंबडी त्याने खरंच छान धरली. पायांना, एका हाताने, दुसरा पंखांवर. तिने डोळासुद्धा उघडला नाही. ती काखेत घेतली. दुसरीला हात घातला.

काखेतली जागी झाली.

कोंबडी किंचाळते ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. येंटोफ्टने काख आवळली. तोल सावरायला पाय राशीला लावला. रास हलली. वरचं एक लाकूड घरंगळलं, मग त्याच्यामागून

सगळी.

आवाज संपल्यावर दुसरा सुरू झाला. पंखांचा. जिन्याखालून, होडीखालून, दगडांतून, खुराड्याखालून. जड पक्षी, जमिनीवरून सहज उठत नाहीत. धावत, आपटत, एकमेकींवर चढत, सगळं बेट समुद्राकडे निघालं. येंटोफ्ट मध्ये उभा होता, निळा रुमाल बांधून.

*

"मेली?" लोविसाने विचारलं.

"आवळली गेली," तो म्हणाला. कोंबडी हातात लोंबत होती. तिला ठेवायला त्याला जागा सुचत नव्हती.

ओड्नी खिडकीशी होती. बाहेर रिमझिम सुरू झाली होती, वायव्येकडून, गार. लाटा फुटत होत्या त्याच्या पलीकडे पाण्यावर एक तपकिरी पट्टा डोलत होता. सगळ्या तिथे होत्या. गेल्या नव्हत्या. बघत होत्या.

"विचारायचंस," ओड्नी म्हणाली. वळली नाही.

"झोपली होतीस."

"उठवायचंस."

"तीन दिवसांनी डोळा लागला होता तुझा."

ते खरं होतं, आणि त्याचाच तिला राग आला.

"काढ ते," लोविसा मुलाला म्हणाली.

"आई —"

"काढ. दगड बांध आणि मागच्या धक्क्यावरून बुडव. रुमालासकट."

"ते तुमचं आहे," ओड्नी म्हणाली.

"होतं. आता त्यांनी त्या जाकिटाला लाकडं पाडताना पाहिलंय. ते घालून तू उंबऱ्यावर जरी दिसलीस तरी त्या पाण्यातून बाहेर येणार नाहीत."

"मग मी काय घालून जाऊ?"

"जायचंच नाही. कुणीच नाही. अंगण रिकामं दिसलं, बराच वेळ दिसलं, तर अंड्यांच्या ओढीने येतील. नाहीतर अंडी गार होतील आणि मग कशाला येतील." म्हातारीने उशी सरळ केली. "माझी ओळख आहे त्यांना, असं मी जन्मभर म्हणत आले. लोकरीची होती गं. आपण नुसत्या आत होतो."

घाबरून उठलेली पक्षीण अंड्यांवर शिटून जाते. त्याची दुर्गंधी आता बंद खिडकीतूनही येत होती. एक मोठी काळ्या पाठीची समुद्री कुरव अंगणात उतरली. चालत उलट्या होडीपाशी गेली, वाकली, चोचीत अंडं घेऊन निघाली. येंटोफ्टचा हात दाराकडे गेला.

"बस," दोघी एकदम म्हणाल्या.

तो बसला.

आणि कोंबड्या. रास कोसळल्यामुळे उरलेल्या सहाही जमिनीवर, अंगणाच्या मधोमध, चिखलात, इकडून तिकडे. कुडकुड, कुडकुड. त्या तिथे असेपर्यंत अंगण रिकामं होणार नव्हतं. आणि त्या तिथे आहेत हे आणखी कुणाला तरी ऐकू जात होतं.

*

खुराडं घराच्या भिंतीला टेकून आहे. कोठीच्या खोलीत भिंतीला एक झडप आहे, हिवाळ्यात बर्फात न जाता अंडी काढता यावीत म्हणून. कोंबडीच्या मापाहून मोठी, पण माणसाच्या मापाची नाही.

ओड्नीने घागरा काढला. आतल्या पांढऱ्या परकरात आणि सदऱ्यात ती डोक्याकडून शिरली. खांदे अडकले.

"ढकल," ती भिंतीतून म्हणाली.

"लागेल तुला."

"पक्षी उडवताना विचार केलास का? ढकल."

येंटोफ्टने तिच्या तळव्यांना हात लावले आणि ढकललं. सदरा फाटला. दाराशी खुर्ची ओढून आणलेली लोविसा बघत होती.

"ह्याला जन्माला घालताना असंच झालं होतं," ती म्हणाली. "फक्त हा बाहेर येत होता."

कोंबड्यांच्या दाराची फळी वरून खाली पडते, दोरीवर. तिची दोरी येंटोफ्टने झडपेतून कोठीत घेतली आणि मुठीला गुंडाळली.

"मी सोड म्हणेन तेव्हा सोड," ओड्नी आतून म्हणाली. "एकदम नाही. इंचाइंचाने. आदळली तर —"

"नाही आदळणार."

"तू म्हणतोस."

"नाही आदळणार, ओड्नी."

*

आत काळोख. दारातून येणारी उजेडाची एक पट्टी, तेवढीच. राखेच्या पाण्याचा वास नाकात चढला. तिने आंबोणाचं भांडं दाराच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

पूल. पूल.

बाहेर चिखलात नखांचे आवाज. लांब. मग जवळ. मग लांब.

दगड तिच्या मांडीला लागत होता. मिंक आला होता त्या फळीवरचा. त्याच्या खाली, हातभर खोल, ते घरटं. तिने दगड उचलून बाजूला ठेवला, कुजकी फळी सरकवली, पोटावर आडवी झाली आणि हात आत सोडला. घाण लागली बोटांना, चिकट. मग लव. मग अंडी. चार. वरून गार. बोटं खाली सरकवली, खाली कोमट. अजून.

तिने पंजा पसरला आणि चारहींवर ठेवला. कातडी सोललेल्या बोटांना झोंबत होतं. झोंबू दे. घाणीने घट्ट झालेली लव तिने अंगठ्याने सोडवून वर ओढली. गाल फळीला लावला. हात खांद्यापर्यंत आत.

पूल.

भांड्यावर टक् झालं. चोच. उजेडाच्या पट्टीत दोन पाय. बिनशेपटी. तिने खाल्लं, थांबली, ओड्नीकडे पाहिलं. खुराड्यात कुणीतरी आडवं पडलेलं. गेल्या वेळी पडलेल्या हलत नव्हत्या. ही श्वास घेत होती. बिनशेपटी एक पाऊल आत आली. मग दोन. नखं ओड्नीच्या कमरेवर, फाटलेल्या सदऱ्यातून थेट मांसात. ती चढली, पाठीवरून चालत गेली आणि दांडीवर उडी मारली. पंखांचा वारा. कुडकुड थांबली.

मग दुसरी. तिसरी दारात अडली, उलटी फिरली. ओड्नीने डोळे मिटले. "ये गं बाई," ओठांनी नुसतं. ती आली. तिच्या मागून दोन, ढकलाढकली करत. एक मानेशीच बसली, पोट ओड्नीच्या कानावर, गरम, आत काहीतरी धडधडत.

सहावीला फार वेळ लागला. किती ते कळायला सूर्य नव्हता, ऊन नव्हतं, नुसती ती पट्टी. खांद्यातली कळ मनगटात उतरली, मग मनगट तिचं राहिलं नाही. पावसाचे थेंब छपरावर. आणि सहावी आली, ओली, रागावलेली, जणू तिलाच उशीर करायला लावलं होतं.

सगळ्या आत होत्या. आता सोड म्हणायचं होतं.

तिने तोंड उघडलं आणि फळ्यांखाली ओलं पाऊल ऐकलं.

थप्. थप्. कोंबडीचं नाही. पातळ कातड्याचं, पाण्यातून आलेलं. थांबलं. पुन्हा थप्. ओड्नीच्या मनगटावर कठीण चोच लागली. दाबली. चिमटा घेतला, कातडीच नसलेल्या जागी, आणि पिळला. तिने दात फळीत रुतवले. हात हलला नाही. चोच सुटली. मग वजन आलं. गार पिसं, त्यांच्या आत ऊब, आणि त्या उबेत उघडी, लव उपटलेली छाती, कढत, थेट तिच्या हाताच्या पाठीवर. पक्षीण सरकली, अंडी आणि बोटं एकत्र पोटाखाली ओढून घेतली, आणि बसली.

"ओड्नी?" झडपेतून कुजबुज.

पक्षीण ताठ झाली. तिचं काळीज ओड्नीच्या हातावर धावायला लागलं.

"ओड्नी, आल्या का? सोडू?"

दार उघडं होतं. मिंक कुठेही असेल. सोड म्हणायला एकच शब्द लागत होता आणि तो म्हणता येत नव्हता.

झडपेपलीकडे शांत झालं. मग स्वयंपाकघरात, पुन्हा खिडकीशी नेलेली खुर्ची करकरली. "काय झालं रे?" लोविसा.

"श्श," येंटोफ्ट म्हणाला. आपल्या आईला, आयुष्यात पहिल्यांदा.

तो पुन्हा काही विचारायला आला नाही. तो ऐकत होता, हे तिला जाणवत होतं, भिंतीतून. कोंबड्यांचा आवाज बंद झालाय हे ऐकत होता. तिचं उत्तर न येणं ऐकत होता. बराच वेळ. मग उजेडाची पट्टी वरून किंचित आखूड झाली. थांबली. पुन्हा किंचित. त्या मोठ्या, वस्तू पाडणाऱ्या हाताने दोरी एवढी हळू सोडली की फळीला लाकूड लागल्याचा आवाजही आला नाही. पट्टी बोटाएवढी राहिली, मग दोऱ्याएवढी, मग गेली. दांडीवर कुणीतरी मान पंखात घातली.

पक्षीण उठली नाही. तिचं काळीज हळूहळू चालीवर आलं. तिने छातीची लव उपटली आणि ओड्नीच्या मनगटाभोवती, वारा येत होता तिथे, चोचीने खोचली.

हात कुठे संपतो आणि अंडी कुठे सुरू होतात ते आता कळत नव्हतं. बाकीच्या घरट्यांचं काय, तेही नाही. खिडकी लोविसापाशी होती, आणि लोविसा काही बोलत नव्हती. म्हणजे दुसरी एकही किनाऱ्याला लागली नव्हती. किंवा लागली होती, आणि म्हणूनच म्हातारी गप्प होती.

ओड्नीने हात काढला नाही.